कराराचं निमित्त

एलिख्यो मामा,

काल तुमची टीम हरली आणि तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

हिवाळ्यात इथं तुमच्या सान पेद्रोच्या टीमकडून खेळायला माझा अमेरिकेतला बेसबॉल क्लब सोडत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. क्लबनं खुशाल खेळ म्हटलं होतं, मीच घाबरलो. विसाव्या वर्षी आठ वर्षांच्या करारावर सही केली, आईचं घर झालं, तेव्हा वाटलं आता कसलीच भीती उरली नाही. आता खांदा मोडला तरी पैसे मिळणारच आहेत. तरीही चेंडूवर झेपावायच्या आधी मला खांदाच आठवतो.

काल शेवटच्या डावात चेंडू निसटला तो मी जिथे उभा असायला हवा होतो, त्याच जागेवरून. मी काळा चष्मा लावून प्रेक्षकांत बसलो होतो. तिथे यानिकेकेच्या कुरकुरीत पुऱ्या तळून विकणाऱ्या तोमासिना मावशी मला ओळखून म्हणाल्या, "बिचारा. परक्यांनी बांधून ठेवलंय, नाहीतर तू सोडला असतास होय तो?" एक गरमागरम यानिकेके त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पैसे काही घेतले नाहीत.

मी ती खाल्ली, मामा. सगळी खाल्ली.

हे तुमच्या हाती द्यायचं धाडस नसलेला तुमचा भाचा,
विल्निस