झीनतने न दिलेलं नाव

मुबीन,

झीनतला घेऊन दुधनीला जातोय, सहापर्यंत येऊ. तिथल्या, तिच्यासारख्याच बहिऱ्या एका मुलाचे वडील पुण्यात कामाला असतात. त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर खुणांनी कसं बोलायचं, ते आपली झीनत दोघांनाही शिकवणार आहे. मी नुसता मोबाईल धरणार. बारा वर्षांच्या पोरीची ही सबुरी मला चाळीस वर्षं मास्तरकी करूनही आली नाही.

तिने घरात सगळ्यांना खुणेची नावं दिली आहेत. मी म्हणजे घसरणारा चष्मा, तिची अम्मी नाजनीन म्हणजे बांगड्या. तुला अजून नाव नाही. मी विचारलं, तर हातांनीच म्हणाली, “अब्बू माझ्याशी असं बोलले की देईन.”

गल्लीत लोक बघतात, हे तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. घरात कोण बघतंय?

बेल वाजली की लागणाऱ्या दिव्याचा बल्ब गेलाय. नवा कपाटात आहे, तेवढा बसव. आम्ही आलो की दार तूच उघड. ‘दिवस कसा गेला?’ ही खूण या कागदाच्या मागे काढून ठेवली आहे. चुकलास तरी ती हसणार नाही. मला हसली होती, पण मी पडलो आजोबा.

अब्बा