दुधी काचेवरचे लक्ष्मणभाऊ

१२ नोव्हेंबर १९९७
पेटी कॅमेऱ्याची मागची काच फुटली. पडद्याचा बांबू सुटला तो नेमका तिच्यावर. लेन्स वाचली, भाता वाचला. दिवसभर चिडचिड. बायकोवर, सुमनवर, उगाच ओरडलो, बांबू मीच बांधला होता.

सिंदेवाहीत पेटी आता माझ्या एकट्याकडे. बाकी सगळ्यांनी रंगीत रोल धरले. माझ्याकडे येतात ते भिंतीचा फोटो काढायला आलेले म्हातारे. जिवंतपणी नीट कपडे घालून काढून ठेवायचा, मागाहून ज्याला हार पडायचा, तो फोटो. रंगीत उडतो म्हणतात. खरंच उडतो.

१४ नोव्हें.
फ्रेमवाल्या इस्माईलभाईंकडे बसलो. दुधी काच होती त्यांच्याकडे, पण खिडकीची, दाणा जाड. तिच्यावर माणसाच्या पापण्या कशा दिसणार? शेवटी साधी काच कापली, गॅरेजातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली, आणि काचेवर काच ठेवून दोघं आळीपाळीनं गोल गोल घासत राहिलो. इ.भाई म्हणाले, “भाऊ, येवढ्यात माझ्या चार फ्रेमा होऊन जातात ना!” पण हात थांबवला नाही त्यांनी.

धुतली, उजेडात धरली. पाणी घातलेल्या दुधासारखी. घरी आणून बसवली, खरबरीत बाजू आत, लेन्सकडे. काळं कापड डोक्यावर घेतलं तर समोरचं घड्याळ काचेवर उलटं उतरलेलं, सेकंदकाट्यासकट. जीव भांड्यात पडला.

चेहरा कुठे बसवायचा त्या पेन्सिलच्या रेघा मारायच्या राहिल्या. अंग मोडून आलंय.

२५ नोव्हें.
मलेरिया. मधले दिवस कुठे गेले कळलं नाही. गोळ्यांनी कान वाजतात, नजरेपुढे माश्या. सुमन म्हणते तापात फार बडबडत होतात. काय, ते सांगत नाही.

आज स्टुडिओत डोकावलो. तिनं पेटी पुसून लख्ख केलीय. काचेवर रेघाही आहेत! फुटक्या काचेचे तुकडे जुळवून माप घेतलं म्हणे. भरून आलं मला. तोंडानं मात्र “बरं केलंस” एवढंच. माझी जातच तशी.

२८ नोव्हें.
मोहटोल्याचे लक्ष्मणभाऊ आले, बायको भागाबाई सोबत. तळ्यात जाळं टाकून जन्म गेला त्यांचा. आमच्याकडे मरळ यायची ती त्यांचीच. आता छातीत काहीतरी आहे, नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. चार पावलं चालले की बसतात.

भागाबाई: “घरी यांचा एकबी फोटो नाई, भाऊ. निवडणुकीच्या कार्डावर हाये, तो कोनाचाबी वाटते.”

पांढरा सदरा, नवी टोपी. खुर्चीत बसवलं. ल.भाऊ हसेनात. म्हणाले, “भिंतीवर बसाचं हाये, हसून काय करू?” काचेवर भिंग लावून डोळे साधले. दोन फिल्म केल्या.

२९ नोव्हें.
धुतल्या. दोन्ही पुसट. ते हलले असतील म्हणावं, तर कान अगदी स्पष्ट. खुर्चीची पाठही. डोळे, नाक, मिशी, सगळं धुक्यात. काचेवर तर टोकदार होतं. माझ्या डोळ्यांना होतं निदान.

३ डिसेंबर
काल एक आजी, आज तळोधीचे गुरुजी. तेच. सुमनला दाखवलं नाही. इस्माईलभाईंना दाखवलं. ते निगेटिव्हकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होते. “भाऊ, आँख का मामला है. दवाखान्यात दाखवून या.”

५ डिसें.
चंद्रपूर. डॉक्टर म्हणे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. मलेरियाच्या गोळ्यांनी नजर बिघडते का विचारलं, तर “कधी कधी” म्हणाले. म्हणजे काय समजायचं माणसानं?

परतीच्या एस.टी.त पाट्या वाचत आलो. शाळेतल्या पोराची परीक्षा असावी तसा. मूल गावापर्यंत सगळ्या वाचता आल्या, पुढे अंधार पडला.

नजर गेली तर मी कोण? रंगीतवाली पोरं कॅमेरा डोळ्याला लावतात, तो आपला आपण साधून घेतो. माझं सगळं त्या काचेवर.

८ डिसें.
मोहटोल्याला निरोप दिला होता, पुन्हा या म्हणून. भागाबाई एकट्याच आल्या. त्यांना यायचं नव्हतंच, तोंडावर दिसत होतं.

“भिंतीचा फोटो दोनदा काढला का मानूस लौकर जाते म्हनते. काऊन बलावता, भाऊ?”

म्हटलं, “बाई, पहिला निघालाच नाही. म्हणजे आता काढू तो पहिलाच.”

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. मग, “तुमची नजर बराबर नाई म्हनते बजारात. खरं का?”

म्हटलं, मीच येतो गावात, पेटी घेऊन. त्यांना चालवू नका आता. “या मंग. पन लौकर या,” म्हणाल्या. तेवढंच. चहा न घेता गेल्या.

जायचं कबूल केलं खरं, पण कोणत्या डोळ्यांनी जाऊ? या वेळीही कानच आले तर त्या बाईपुढे उभा कसा राहू?

१० डिसें.
सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. चार फोटो, चारही चुकले, पण चारही एकाच जागी चुकले. दर वेळी कान. नजर अधू झालेला माणूस कधी पुढे चुकेल, कधी मागे. दर वेळी बरोबर कानापर्यंतच कसा जाईल?

टेबलावर काड्यापेट्या उभ्या केल्या, एकीमागे एक, तिरप्या. तिसरीवरचं चित्र काचेवर साधलं. फिल्म केली. मग सुमनला बोलावून भिंग तिच्या हाती दिलं, तिला साधू दिलं. ती पण तिसरीवरच. धुतलं. दोन्ही फिल्मांवर चौथी पेटी स्पष्ट, तिसरी पुसट.

सुमनचे डोळे चांगले आहेत.

काचेवरून नख फिरवलं. बाहेरून. खर्र वाजलं.

बाहेरून गुळगुळीत लागायला हवी ती! चित्र उमटतं ते खरबरीत अंगावर, आणि नंतर फिल्म येऊन बसते ती त्या अंगाच्या जागी. काच उलटी बसली की चित्र काचेच्या जाडीइतकं मागे सरकतं, आणि आपण खुळ्यासारखं तिथे साधत राहतो. फिल्म आपली जुन्या जागी, पुढे.

ओरडलो. फार ओरडलो. कोणी सांगितलं होतं काच काढायला, पंधरा दिवस माझे डोळे खाल्लेस, नाही नाही ते. सुमन भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “तुमी तापात सारखे म्हनून राह्यले होते, रेघा राह्यल्या, रेघा राह्यल्या. मले वाटलं मारून टाकाव्या, तं तुमी झोपसान तरी. गुळगुळीत बाजूवर पेन्सिल उठेचना. खरबरीतवर उठली. मंग रेघा आपल्याकडून दिसल्या पायजेत म्हनून तशीच बसवली.”

काच काढली, फिरवून बसवली. रेघा तिच्याच ठेवल्या, आता आतून दिसतात. संध्याकाळी चहा मी केला. पाणचट झाला, तिनं प्यायला.

११ डिसें.
पुन्हा काड्यापेट्या. तिसरीवर साधली, तिसरीच आली. दोनदा केलं.

पण काड्यापेटी ती काड्यापेटी. तिच्या कडा सरळ. म्हाताऱ्याची पापणी दिसते का मला अजून, ते काड्यापेटीनं थोडंच कळणार. डॉक्टर खोटं बोलला नाही, उजवा डोळा धरतोयच.

१३ डिसें.
मोहटोला. पेटी एस.टी.च्या टपावर दिली नाही, मांडीवर घेऊन गेलो. कंडक्टर ओळखीचा, त्यानं चालू दिलं.

ल.भाऊ खाटेवर. पंधरवड्यात निम्मे झालेत. सदरा अंगात लोंबतो. खाट अंगणात आणवली, मागे गोधड्यांची चवड लावून टेकवलं. ऊन मऊ होतं. मला म्हणाले, “आले का? मले वाटलं तुमीच गेले पयले.” आणि हसले. तेव्हा हसले!

कापडाखाली गेलो. काचेवर ल.भाऊ उलटे, टोपी खाली, पांढरी दाढी वर. भिंग लावलं. दिसतंय असं वाटलं. मग शंका आली. पुन्हा साधलं, पुन्हा शंका. आज चुकलं तर परत येणं नाही, हे मला कळत होतं, त्यांना कळत होतं, भागाबाईंना कळत होतं.

बाहेर आलो आणि भागाबाईंना म्हटलं, तुम्ही बघा.

त्या बिचकल्या. मग पदर सावरून कापडाखाली शिरल्या.

“अरे बापा! हे तं उलटे हायेत. तळ्यात दिसतेत तसे.”

भिंग त्यांच्या हातात दिलं, कुठे टेकवायचं ते दाखवलं. मी पुढचा स्क्रू हळूहळू फिरवत गेलो. “डोळ्यावर ठेवा. पापण्या दिसतात?”

“नाई... नाई... आता दिसते... थांबा, थांबा, मांगं घ्या जरासं... हां.”

“केस न् केस?”

कापडाखाली त्या आणखी पुढे झुकल्या. मग हळू, “डोळ्यात पानी हाये यांच्या. मले तं म्हनत होते काईच नाई वाटत.”

खाटेवरून ल.भाऊ म्हणाले, “ऊन लागून राह्यलं डोळ्याले, म्हनून.”

स्क्रू घट्ट केला. फिल्म भरलेली स्लाइड लावली. दोन फिल्म. दुसरीच्या वेळी ते माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होते. मी बघू दिलं.

१४ डिसें.
स्लाइडी कपाटात. सुमननं विचारलं, आज धुणार का. म्हटलं डेव्हलपर जुना आहे. जुना नाही. परवाच केलाय, तिला माहीत आहे.

१६ डिसें.
सकाळच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा. काल दुपारी ल.भाऊ गेले. त्यांच्या तळ्याकाठीच केलं सगळं.

भागाबाईंचा निरोप आहे, तेरवीले फोटो पायजे. आणि जाता जाता कंडक्टर म्हणाला, “बाईनं अजून एक सांगितलं बापा, मले काई समजलं नाई. म्हने, सरळे करून द्याचे. उलटे नोका देऊ.”

सुमनला म्हटलं, खिडक्या लाव. तिनं लावल्या, दाराखालच्या फटीला गोणपाट लावलं, आणि न सांगता आतच थांबली. तिचा हात डेव्हलपरच्या ट्रेवर. दोन्ही स्लाइडी समोर आहेत. एवढं लिहून दिवा मालवतो.