रिकाम्या जागेला पाणी

४ एप्रिल
इंटरनेटचा डबा गेला! पोरींना ऑनलाइन त्रिकोण शिकवत होते, बाहेर एकदाच गडगडलं आणि त्रिकोणासकट पोरी गायब. त्याआधी अप्पा तीनदा खोलीत येऊन त्याचा प्लग उपटायला बघत होते. तिन्ही वेळा दंडाला धरून बाहेर नेऊन बसवलं. शिकवणी चालू आहे अप्पा, हात लावू नका. आता वाटतंय, त्यांनीच काही ओढलं-बिढलं असेल का? विचारलं तर माझ्याकडे असे बघत राहिले, जशी काही चूक माझीच.

६ एप्रिल
मिठाची पिशवी पुन्हा रिकामी. परवाच तर फोडली होती.

७ एप्रिल
मिठाचा चोर सापडला. सकाळी मागच्या अंगणात अप्पा. भिंतीजवळ जिथे गवताची काडी उगवत नाही, तिथे एक गंजका पाइप जमिनीतून बोटभर वर आलाय. त्याच्या तोंडात मूठभर मीठ टाकलं, वरून बादलीभर पाणी. अगदी सावकाश, एक थेंब बाहेर सांडू न देता. हे काय चाललंय, विचारलं.
"लागतं त्याला," म्हणाले.
कोणाला लागतं? पुढचा शब्द सापडेना त्यांना. हात वर केला, मग खाली नेला. मग बादली तिथेच ठेवून आत निघून गेले.
आई होती तेव्हाही हे चालायचं का? आई जाऊन आठ महिने, मला इथे राहायला येऊन सहा. लहानपणी मागच्या अंगणाकडे कोण बघतंय!
दादाला फोनवर सांगितलं. म्हणाला, डॉक्टर म्हणालेच होते, असलं काहीतरी सुरू होईल. वृद्धाश्रमाचा अर्ज पाठवतो म्हणाला. मेअखेरपर्यंत भरून द्यायचा, जागा एकच शिल्लक आहे. "तुला एकटीला झेपणार नाही." झेपेल का? खरंच माहीत नाही.

९ एप्रिल
डोकं लढवलं. त्या पाइपावर गुलाबाची कुंडी ठेवली. पाणी घालायचंच आहे ना, निदान झाडाला घाला. कोणी बघितलं तरी शहाण्यासारखं दिसेल.

१० एप्रिल
कुंडी बाजूला काढलेली. मी परत ठेवली.

११ एप्रिल
परत बाजूला! मी परत ठेवली. त्यांचीच मुलगी शोभते मी.

१३ एप्रिल
नवीन डबा आला. शिवाय चार जाडजूड बोर्ड आणले — वीज एकदम वाढून आली तर म्हणे हे बोर्ड ती अंगावर घेतात, यंत्रं वाचतात. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. लाल दिवे लागतात, मस्त दिसतात. टीव्ही, फ्रिज, संगणक, सगळं त्यांवर लावलं. अप्पा बोर्डाची तिसरी पिन बोटाने चाचपत बसले आणि हसले. का हसले?

२० एप्रिल
गुलाब मेला. कुंडीतच मीठ घालत होते.
अर्जात एक रकाना आहे, वागण्यातले बदल. लिहिलं: मीठ पळवतात. रिकाम्या जागेला पाणी घालतात. चालू यंत्रांचे प्लग उपटतात. झाड मारलं. सगळं एकाखाली एक वाचलं आणि रडू आलं. हाच माणूस छापखान्यात उलट्या खिळ्यांची ओळ घडाघडा वाचायचा.
मागच्या दाराला कुलूप लावलं.

२ मे
ऊन मी म्हणतंय. अप्पा रोज सकाळी कुलूप हलवून बघतात. भांडत नाहीत. तेच जास्त लागतं.

१७ मे
टीव्ही, फ्रिज, संगणक. तिन्ही एका दणक्यात! आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला आणि घरभर जळकट वास. बोर्डांवर लावलेले होते सगळे! बोर्डांचे लाल दिवे अजून लागताहेत, निर्लज्जासारखे. पोरींच्या सराव परीक्षा संगणकात होत्या. सांगितलं ते सगळं केलं, मग चुकलं कुठे? अप्पांनी प्लगला हातही लावला नव्हता. ते मागच्या दाराशी होते, कुलपाशी.

१९ मे
वायरमन आला. म्हातारा, चष्मा दोरीने कानाला बांधलेला. दोन वायरी जोडलेला एक बल्ब त्याने काढला, एक वायर सॉकेटच्या विजेच्या भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या, तिसऱ्या भोकात घातली, बल्ब जेमतेम लाल झाला. म्हणाला, अर्थिंग मेलंय. बोर्ड काय करतो, तर जादा वीज तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडतो. जमिनीत जायला वाट नसेल तर बोर्ड नुसता शोभेचा. मग भिंतीवरच्या तारेच्या मागे मागे चालत तो मागच्या दाराशी आला. मी कुलूप काढलं. तो थेट कुंडीपाशी गेला.
"यावर कुंडी कोणी ठेवली?"
मी ठेवली, म्हटलं.
तो उकिडवा बसला, माती बोटाने उकरली. खाली पत्रा पुरलेला असतो म्हणाला, त्याच्याभोवती ओल लागते. उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, मीठही टाकतात. "कोणीतरी बरीच वर्षं नीट सांभाळलंय हे. हल्लीच सोडलेलं दिसतं."
जाताना आणखी एक सांगून गेला. वीज अगदी जवळ पडली तर अर्थिंगचाही भरवसा नाही. गडगडायला लागलं की सरळ प्लग काढून ठेवायचे.
मी खुर्चीत बसून राहिले. अप्पा समोर पेपर वाचत होते.

२० मे
अर्ज फाडला. दादाला पटत नाहीये. मीठ आणि पाणी ठीक, म्हणतो, पण मग मागे स्वतःचा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता, तो कशाला? अप्पांची माफी मागितली. "बरं," म्हणाले. कशाबद्दल, ते विचारलं नाही. कळलं म्हणून विचारलं नाही, की कळलंच नाही म्हणून?

२४ मे
सकाळी मीच बादली घेऊन मागे गेले. अप्पांना हाक मारली होती, ते आले नाहीत. मूठभर मीठ टाकलं, वरून पाणी ओतायला लागले. दारात पावलं वाजली. अप्पा होते. परक्या घरी आल्यासारखे अदबीने उभे.
"बाई, रिकाम्या जागेला पाणी का घालताय तुम्ही?"
म्हटलं, "लागतं त्याला."