तुझ्या जागी मी असते तर

रविवार, संध्याकाळ

आज व्हिडिओ कॉलवर लुसियाने, माझ्या स्पॅनिश सुनेने, तिच्या भाषेत सल्ला कसा द्यायचा ते शिकवलं. ‘तू हे करायलाच हवंस’ जरा कडक. ‘असं का करत नाहीस?’ मऊ. आणि ‘यो के तू’, म्हणजे तुझ्या जागी मी असते तर. सराव म्हणून मी म्हटलं, “हापूस आधी फ्रिजमधून बाहेर काढ!” ती हसली. “आई, हा हुकूम झाला.”

मग एकदम गंभीर झाली. “निखिल नोकरी सोडून रत्नागिरीला आपली आंब्याची कलमं सांभाळायला येऊ या म्हणतो. मी काय करू? सांगा ना.”

मुलगा परत यायला मला हवाच आहे. ‘या’ म्हटलं की झालं! पण ‘यो के तू’ एवढंच म्हणाले आणि रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवला.

तुझ्या जागी मी असते तर... असते काय, होतेच की. ह्यांनी या कलमांसाठीच कोल्हापूरची नोकरी सोडली आणि मी सामान बांधून मागोमाग आले. तुला काय हवंय, असं कुणी विचारलंच नाही.

हे स्पॅनिशमध्ये कसं विचारतात, ते आधी शिकायला हवं.