सिडनीत आई कुठे उतरल्या आणि आम्ही कुठे

गुंगालिन, कॅनबेरा
मे २०२१

प्रिय श्रीनाथदादा,

तुम्हाला आणि वहिनींना कमरेतून वाकून नमस्कार (वर्षभर घरून काम करून कंबर त्याहून खाली जात नाही, तेव्हा साष्टांग घातला असं धरून चाला). खोकला कसा आहे? वास यायला लागला का? पद्मा रोज सकाळी कॉफी करताना, "दादाला आता वास येत असेल का रे?" असं मला विचारते, जणू पुण्यातलं तुमचं नाक माझ्या ताब्यात आहे. वाफ घेत राहा, आणि बातम्या बघू नका. आम्ही बघतोय तेवढं दोन्ही घरांना पुरे.

आई सुखरूप इथे आमच्या घरी आल्या हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. सिडनीतला सगळा वृत्तांतही त्या सांगणारच, किंबहुना निम्मा सांगून झाला असेल. त्यात माझा उल्लेख फारसा गौरवाने येणार नाही. म्हणून माझी बाजू निदान लेखी असावी, यासाठी हा खटाटोप.

त्याचं असं झालं. आईंचं तिकीट दोनदा रद्द होऊन तिसऱ्यांदा पक्कं झालं. विमान सिडनीला उतरणार, तिथून पोलिसांच्या देखरेखीखाली बसने थेट क्वारंटाइन हॉटेलात. कुठल्या हॉटेलात, ते बस थांबेपर्यंत कोणालाच कळत नाही. पद्माचं म्हणणं, आत जाता आलं नाही तरी वीकेंडला जाऊन आईला खालून हात तरी करू. लॉकडाउनमुळे वर्षभर ती एकटी तिच्या फ्लॅटमध्ये होती, आल्या आल्या तिला कोणीतरी आपलं दिसलं पाहिजे. इथवर आमचं एकमत होतं. राहायचं कुठे, यावर ते मोडलं. पद्माची कॉलेजातली मैत्रीण चारुता पॅरामॅटाला राहते. तिने खोली आवरून ठेवली होती, वरणभाताचं आश्वासनही दिलं होतं. पण तुमच्या मेहुण्याला, म्हणजे मला, संशोधनाची खाज. परत आलेल्या प्रवाशांच्या फेसबुक ग्रुपवर मी ठाण मांडून बसलो. कुठल्या विमानाचे लोक कुठल्या हॉटेलात गेले याचा अभ्यास केला. ऑफिसातला धवल म्हणाला, "गुरु, कहीं भी रुक जा यार, सोना ही तो है." मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. आई अमुकच हॉटेलात जाणार असा निष्कर्ष काढून मी त्याच्या बरोब्बर समोरच्या हॉटेलात खोली घेतली. खिडकी उघडली की समोर आई! शिवाय जाहिरातीत लिहिलं होतं, 'हार्बरची झलक'. बुकिंग रद्द न होणारं होतं, पण इतक्या अचूक अभ्यासानंतर रद्द कशाला करावं लागेल?

शनिवारी सिडनीत पोचलो. पद्मा आणि कन्यारत्न शाल्मलीला गाडीत बसवून, दोन बॅगा आणि आईंसाठी केलेल्या शिऱ्याचा डबा घेऊन मी रुबाबात हॉटेलच्या दारात गेलो. दारात पोलीस, आत सैनिक. मला वाटलं, काय चोख व्यवस्था आहे! एका पोलीसबाईंनी विचारलं, "तुमची बस कुठाय?" मी म्हटलं, बस नाही, आम्ही गाडीने आलो, कॅनबेराहून. बुकिंग आहे. आणि फोन पुढे केला. त्यांनी तो दुरूनच वाचला, सोबत्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ह्याला आत जायचंय." मग माझ्याकडे बघून, फार मायेने, "मेट, इथे सगळ्यांना बाहेर यायचंय. तू पहिलाच." माझं हॉटेल रस्त्यापलीकडचं होतं. मी संशोधनात इतका बुडालो होतो की समोरच्याच्या समोर म्हणजे कोण, यात घोटाळा झाला. (शाल्मली गाडीतून शूटिंग करत होती. ते तुमच्यापर्यंत पोचलं असल्यास कृपया वहिनींना दाखवू नये.)

आमच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे नव्हतीच, मागे पार्किंगच्या इमारतीकडे होती. हार्बरची झलक म्हणजे लिफ्टशेजारी लावलेला हार्बरचा फोटो. प्रत्यक्ष पाणी दिसायचं ते फक्त समोरच्या एसीतून ठिबकणारं. तेवढ्यात आईंचा फोन आला. त्यांची बस भलत्याच हॉटेलला गेली होती, अगदी पाण्याकाठी. कितवा मजला ते त्यांना आठवत नव्हतं, "पण कान बंद झाले" म्हणाल्या. मग खुलासा: "गुरुदत्तराव, खिडकीतून पूल दिसतोय हो, बादलीच्या कडीसारखा! आणि शेजारी ते गाण्याचं थिएटर, सोललेल्या लसणाच्या पाकळ्या उभ्या केल्यासारखं. तुम्हाला दिसतंय ना?" मी पार्किंगकडे बघत म्हणालो, हो, छान आहे.

इतके दिवस खपून मी निवडली त्या खोलीत मोटारी, आणि ज्यांना निवडीचा हक्कच नव्हता त्यांना सगळं हार्बर. घरचं शिजवलेलं आत चालत नाही असंही कळलं, तेव्हा शिरा आम्हीच पलंगावर बसून खाल्ला. पद्माने रिकामा डबा घासून बॅगेत ठेवला. ती बोलत नाही तेव्हा मला चारुताचा वरणभात ऐकू येतो.

रविवारी सकाळी आईंच्या हॉटेलखाली गेलो. आईंनी सांगितलं होतं की त्या खिडकीत उभ्या राहून हात करतील. वरच्या एका मजल्यावर कोणीतरी हात हलवताना दिसलं. आम्ही तिघं जीव तोडून हात करू लागलो. मी उड्या मारल्या. बऱ्याच वेळाने शाल्मली म्हणाली, "बाबा, आय थिंक आजीला दाढी आहे." तो बनियनमधला कोणी गृहस्थ होता. बिचाऱ्याने इतक्या आनंदाने दोन्ही हात हलवले की आम्हाला थांबायची लाज वाटली. तेवढ्यात फोन: "अहो, त्या पलीकडच्यांना काय हात करताय? इकडे बघा, डावीकडे. मी लाल शाल हलवतेय."

आणि दिसल्या. म्हणजे शाल दिसली, नखाएवढी. पद्माने फोन स्पीकरवर टाकला आणि शालीच्या दिशेने उंच धरला. आईंचा आवाजच नाही. दादा, तुमच्या आईला इतका वेळ गप्प मी लग्नातही पाहिलं नव्हतं. शाल्मली ओरडली, "आजी, आय कॅन सी यू! तू खूप टायनी दिसतेस!" मग आई म्हणाल्या, "शाल्मली उंच झाली गं."

इतक्या वरून पोरगी कितीशी दिसली असेल! पद्मा फुटपाथवर तशीच उभी राहून रडली. मी रडलो नाही. मास्कमुळे चष्म्यावर वाफ आली, ती पुसत होतो. वरच्या दाढीवाल्यांनी पुन्हा हात केला, तर मी त्यांनाही केला. कोणास ठाऊक, त्यांना खालून हात करायला कोणी येणार होतं की नाही.

संध्याकाळी आम्ही कॅनबेराला परतलो. पुढे आई रोज फोनवर हार्बर सांगायच्या: कुठली हिरवी-पिवळी फेरीबोट कधी सुटली, धुकं कसं उतरलं. टेस्टा निगेटिव्ह येत गेल्या. त्यांना आणायला गेलो तेवढ्यात इकडे भारताची विमानं बंद झाल्याची बातमी आली. गाडीत बसल्यावर आईंनी ती ऐकली आणि कितीतरी वेळ तुमचंच नाव घेत होत्या. दादा, जपा.

शाल्मलीचा तुम्हा दोघांना नमस्कार, माझा वर येऊन गेलाच आहे.

तुमचा,
गुरुदत्त

ता. क. खरं म्हणजे एक छोटं काम होतं. आईंना आम्ही मागची मोठी खोली दिली. त्यांनी पडदा सरकवला आणि विचारलं, "इथून काय दिसतं?" दिसतं शेजाऱ्याचं पत्र्याचं कुंपण. आता त्यांना माझी ऑफिसची खोली हवी आहे, कारण तिथून टेकडी आणि ट्राम दिसते. तसं झालं तर मी लॅपटॉप घेऊन गॅरेजमध्ये, लॉनमोवरशेजारी. इथली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. त्या फक्त तुमचं ऐकतात. एक फोन करून मागची खोली किती उबदार आहे ते त्यांना पटवून द्याल का?

ता. ता. क. दादा, मी पद्मा. हे पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं. फोन नक्की कर, आई वाट बघते, पण खोलीबद्दल काही बोलू नकोस. तिचा पलंग मी सकाळीच त्याच्या ऑफिसच्या खोलीत हलवला. गुरुदत्त आज मीटिंगसाठी बाहेर गेलाय, त्याला अजून कळलेलं नाही.