मी सोडून बाकी सगळे

३ जून, सोमवार. सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. सर्व्हरवरच ठेवतोय, rojnishi.txt. सर्व्हर माझा, इथे कोण बघणार?

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये स्कॅनिंगच्या बाई मोठ्या साहेबांना म्हणाल्या, रोज सकाळी सर्व्हर इतका रडतो की आमची माणसं हातावर हात ठेवून बसतात. सगळ्यांसमोर! बारा वर्षं या नकाशांच्या ऑफिसचा सर्व्हर मी एकट्याने सांभाळला आणि ही बाई दीड वर्षापूर्वी आली. साहेब म्हणाले, सतरा तारखेपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर सर्व्हरचा चार्जही बाईंकडे.

बाईंना सोडणार नाही.

संकल्प: १) दोषी बाई आहेत हे सिद्ध करणे. २) दोषी शोधणे.

३ जून. दुपारी १२.५०
डिस्क किती राबतेय ते दाखवणारी कमांड, iostat, लावून बसलो. डिस्क सकाळपासून मजेत. ठीक अकराच्या ठोक्याला ९९ टक्के बिझी. साडेबारापर्यंत तशीच.

अकराला काय होतं? बाईंचा चहा संपतो. पहिल्याच दिवशी उलगडा. मी उगाच या ऑफिसात कुजलो.

४ जून, मंगळवार
एक गोष्ट खटकली. स्कॅनिंग म्हणजे डिस्कवर लिहिणं. पण अकराला डिस्कवर लिहिलं जातं थोडं, वाचलं जातं ढिगाने. अर्धा तास विचार केला आणि डोक्यात प्रकाश पडला. बाईंची माणसं स्कॅनिंग करतच नाहीत! जुने नकाशे उघडून बघत बसतात. ऑफिसच्या वेळेत!

बाई येऊन म्हणाल्या, तक्रारींचं रजिस्टर वाचलंत का. त्यात काय वाचायचं? मॉनिटर जरा ठेंगणा होता, त्याच्याखाली ते रजिस्टर बरोब्बर बसलंय. पाहतो म्हटलं.

५ जून, बुधवार
आता iotop. कोणत्या यूजरचं कोणतं काम डिस्क किती खातंय, नावासकट यादी. त्यात माझ्याच नावाच्या पंधरावीस ओळी. चोर शोधताना पोलिसांची गर्दी कशाला? कमांडच्या शेपटीला grep -v आणि माझं नाव लावलं. म्हणजे मी सोडून बाकी सगळे. यादी स्वच्छ झाली. मन प्रसन्न झालं.

७ जून, शुक्रवार. ११.२०
गंमत आहे. यादीच्या वरची बेरीज सांगते, सेकंदाला नव्वद एमबी वाचन. खालच्या ओळी मिळून दोनसुद्धा होत नाहीत. बाकीचं गेलं कुठे?

एकच अर्थ. बाई प्रोसेस लपवायला शिकल्यात. वाटत नव्हतं हो चेहऱ्यावरून.

(बॅकअपची शंका क्षणभर आली. पण तो रात्री अकराला चालतो. मार्चमध्ये मीच लावला, घाईत का होईना, आणि माझं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.)

९ जून, रविवार
जेवताना हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, अहो, मागे गच्चीवरची टाकी रिकामी होते म्हणून तुम्ही खालच्या वहिनींशी भांडून आलात आणि मोरीतला नळ आपलाच निघाला, आठवतंय का. म्हटलं, तो विषय वेगळा. ही म्हणाली, बरं, भात वाढू का.

ही विषय बदलते. आपल्या माणसांचीच साथ नसते.

१० जून, सोमवार
आजपासून जंगी बंदोबस्त. iotop दर सेकंदाला नोंद करणार. नोंदींच्या तीन प्रती, कारण बाई एक पुसतील. शिवाय स्कॅनिंगचा अख्खा फोल्डर दर पाच मिनिटांनी चाळायचा, कोणती फाईल कोणी हलवली ते कळायला. सगळं सर्व्हरच्याच डिस्कवर, डोळ्यासमोर राहावं म्हणून.

सूड सावकाश घ्यायचा असतो. पण दर सेकंदाला घ्यायला काय हरकत आहे?

११ जून, मंगळवार
सापळ्यात सापडल्या! आता डिस्क दिवसभर बिझी. वाचन वाढलं, लेखनही वाढलं. माझ्या बंदोबस्ताचा सुगावा लागलाय आणि घाबरून पुरावे पुसतायत.

१२ जून, बुधवार
सहनशक्तीला मर्यादा असते. ionice नावाची कमांड आहे. एखाद्याच्या कामाला रांगेत सगळ्यांच्या मागे उभं करता येतं, बाकीच्यांचं संपलं तरच त्याचा नंबर. बाईंच्या सगळ्या कामांना लावली. बसा म्हणावं.

दुपारी स्कॅनिंगच्या खोलीवरून मुद्दाम दोनदा गेलो. सहाही मशीन थंड. बाई पंख्याखाली उभ्या. इतका छान दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

१३ जून, गुरुवार
बाई टेबलापाशी आल्या. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, कालचे साठ नकाशे अर्धवट सेव्ह झाले, पुन्हा करावे लागले. हे कागद शंभर वर्षांचे आहेत, एकदाच उलगडायचे म्हणून स्कॅन करतोय आपण. दुसऱ्यांदा उलगडताना एक घडीवर फाटला. नदीच्या वळणापाशी, सरळ दोन तुकडे. तुमच्याकडून काही झालंय का?

मी म्हटलं, चौकशी चालू आहे. बाईंनी मॉनिटर उचलून खालच्या रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि ते परत ठेवलं.

वाईट वाटलं. नकाशाचं. बाईंचं नाही. ionice मात्र काढून टाकलं. रात्री हिने वाढलेला भात परत केला. दुपारची डाळ असणार.

१४ जून, शुक्रवार
साहेबांकडे अर्ज केला, सोमवारची मीटिंग अकरालाच ठेवा, सगळं प्रोजेक्टरवर लाइव्ह दाखवतो. बाईंना रंगेहाथ पकडणार. साहेब म्हणाले, ठेवा.

१६ जून, रविवार
भाषणाची तालीम केली. शेवटचं वाक्य: साहेब, चोर याच खोलीत बसलाय. इथे दोन सेकंद थांबून बाईंकडे बघायचं. ही समोर कपडे घड्या करत होती. दोन सेकंद थांबलो तर म्हणाली, काय झालं, विसरलात का.

१७ जून, सोमवार. १०.५०
निळा शर्ट. केस नीट. प्रोजेक्टर चालू. बाई आल्या, हातात फाटक्या नकाशाचा फोटो. आणा, आणा. दहा मिनिटं उरली. फाईल उघडीच ठेवतो, विजयाची नोंद ताबडतोब करायचीय.

१८ जून, मंगळवार
(आता ही वही. कागदाची.)

काल अकरा वाजले. डिस्क ९९ टक्के. मी शेवटचं वाक्य म्हटलं, दोन सेकंद थांबलो, बाईंकडे बघितलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, कमांडच्या शेवटी ते grep -v कशाला आहे. म्हटलं, मी सोडून बाकी सगळे. साहेब म्हणाले, तुम्हाला कशाला सोडायचं?

काढलं.

पहिली ओळ माझी. बॅकअप, नव्वद एमबी. दुसरी, तिसरी, चौथी माझीच, नोंदींच्या तीन प्रती. पाचवी, फोल्डर चाळणं. तीही माझी. खाली बाईंची एक ओळ, एवढीशी. त्याच्याही खाली nano rojnishi.txt. बाई म्हणाल्या, रोजनिशी ठेवता? चांगली सवय आहे.

मग त्यांनी बॅकअपची वेळ उघडायला सांगितली. 0 11 * * *, म्हणजे रोज अकरा वाजता. तिथे चोवीस तासांचं घड्याळ चालतं. रात्रीचे अकरा म्हणजे तेवीस. बाईंनी अकराचे तेवीस केले. दोन मिनिटं लागली. मला वाटलं होतं, आता माझी खरडपट्टी काढतील. नाही काढली. ते फार लागलं.

साहेब एवढंच म्हणाले, बुधवारी चार्ज द्या.

१९ जून, बुधवार. सकाळी ११.१५
सर्व्हर वाऱ्यासारखा पळतोय. बघवत नाही.

बाई आल्या. मॉनिटर एका हाताने उचलला आणि खालचं रजिस्टर काढून घेतलं. मार्चपासून चौदा तक्रारी. पहिल्या तेरांमध्ये तेच, सकाळी अकरा ते साडेबारा, सर्व्हर संथ. 'कारण' हा रकाना चौदाही ठिकाणी कोरा. म्हणाल्या, चार्ज घेण्याआधी एवढा भरून द्या. म्हटलं, चौदा वेळा? म्हणाल्या, एकदाच लिहा, खाली वरीलप्रमाणे करा.

पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. खाली वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. हात सवयीने चालत होता. चौदावी तक्रार १३ जूनची. नदीच्या वळणापाशी नकाशा फाटला, पुन्हा मिळणार नाही.

तिथे पेन थांबलं. बाई उभ्या होत्या. वरीलप्रमाणे लिहिलं.