रक्त नसलेला सीन

तीर्थरूप काका,

सवयीनं ‘तीर्थरूप’ लिहून गेले. असू दे.

तुमच्या सेन्सॉर कमिटीनं आमच्या भुताच्या सिनेमात चौदा कट सुचवले. एडिटर मीच, त्यामुळे कापायलाही मीच बसले. कुऱ्हाडीचा घाव, तुटलेली मान, भिंतीवरचे शिंतोडे, सगळं काढलं. “असलं बघूनच पोरं बिघडतात,” असं तुम्ही टीव्हीवर तावातावानं सांगत होतात.

नवरा बायकोच्या कानाखाली वाजवतो, तो सीन मात्र तुम्ही ठेवलात. हाही काढूया का, असं मी विचारलं, तर म्हणालात, “त्यात कुठे रक्त आहे? घरोघरी होतं ते.”

पहिल्या खेळाला काकू माझ्या शेजारी बसली होती. भूत अंगावर आलं तेव्हा सगळं थिएटर किंचाळलं. ही आपली निवांत पॉपकॉर्न खात होती. मग ती थप्पड आली आणि तिचा हात झटकन डाव्या कानावर गेला. त्या कानानं तिला ऐकू येत नाही. का येत नाही, ते मी आठ वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय. तेव्हाही रक्त आलं नव्हतं, काका.

हे पत्र मी टाकणार नाही. चष्मा शोधायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून तुमचं टपाल काकूच मोठ्यानं वाचून दाखवते. हे वाचताना ती मध्येच थांबली, तर तुम्ही काय कराल ते मला माहीत आहे.

तुमच्याच घरात वाढलेली,
पुतणी